चालता कॉम्प्युटर भंगारात घालायला लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून तुमच्या पेपरात आणि बाकीच्याही पेपरांत या विषयावर जे काही छापून येतंय त्याचा सूर एकच दिसतो, की जुना कॉम्प्युटर आता धोक्याचा झालाय, नवा घ्या आणि विंडोज ११ वर या. माझं तालुक्याच्या गावी डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, जोडीला कॉम्प्युटर दुरुस्तीही करतो, त्यामुळे हे वाचून घाबरलेली माणसं शेवटी माझ्याकडेच येतात. रिटायर्ड मास्तर येतात, किराणा दुकानदार येतात, मुलीच्या अॅडमिशनच्या गडबडीत असलेले वडील येतात आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, आता हा बंद पडणार का? नाही पडणार. पंख्याची गॅरंटी संपली म्हणून पंखा फिरायचा थांबत नाही. पण धोका अजिबातच नाही असंही नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र समजावून सांगणारा मराठी लेख मला तरी कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र जरा लांबलचक लिहितोय. काटछाट करून छापलंत तरी चालेल पण मुद्दे ठेवा.

आधीच सांगतो, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. विंडोज ९८ ज्यांनी वापरलंय त्यांना आठवत असेल, लाईट गेली आणि परत आली की कॉम्प्युटर सुरू होताना आधी निळ्या स्क्रीनवर स्कॅनडिस्क चालू व्हायचं आणि भारनियमनाच्या काळात हे रोजचंच होतं, टाइप केलेलं पत्र गेलं ते गेलंच. ९५ काय आणि ९८ काय, दोन्ही मुळात डॉस या त्याहून जुन्या, हुकूम टाइप करून चालवायच्या सिस्टीमच्या पायावर उभी होती, एक प्रोग्रॅम अडकला की अख्खा कॉम्प्युटर घेऊन बसायचा आणि मग रीसेटचं बटण दाबण्याशिवाय इलाज नसायचा. यातून घरगुती माणूस सुटला तो एक्सपीमुळे, २५ ऑक्टोबर २००१ ला ते बाजारात आलं. ऑफिसांसाठी १९९३ पासून विंडोज एनटी नावाची वेगळी आणि जास्त मजबूत सिस्टीम होती, तिचाच पाया एक्सपीच्या रूपाने सगळ्यांच्या टेबलावर आला. लोकांनी ते पुढे बारा-तेरा वर्षं सोडलं नाही त्यामागे खरं कारण होतं. कमीत कमी ६४ एमबी रॅमवर ते चालायचं, बरं चालायला १२८ लागायची. आज विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते म्हणजे ६४ पट, आणि प्रत्यक्षात ८ जीबी नसेल तर ब्राउझर उघडून दोन पानं चाळली की मशीन रडायला लागतं. काम मात्र तेच आहे हो, अर्ज टाइप करायचा, प्रिंट काढायची, मेल बघायचा. ६४ पट रॅम खाऊन रोजच्या वापरणाऱ्याच्या पदरात नेमकं काय जास्तीचं पडलं हा प्रश्न विचारायचा त्याला हक्क आहे.

उत्तर अगदीच काही नाही असं नाही. एक्सपीच्या वेळी व्हायरसने काय छळलंय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला तेव्हा नुसतं नेट जोडलं तरी साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार अशी खिडकी यायची, क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं. त्यानंतर २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या अपडेटमध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणाऱ्याला अडवणारी भिंत, आपोआप चालू राहायला लागली. पेनड्राइव्हमधला तो न्यू फोल्डर नावाचा व्हायरस तर शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, सगळीकडे फिरून आला, कारण पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायची सोय एक्सपीत होती. विंडोज ७ मध्ये ती पेनड्राइव्हपुरती काढली आणि विंडोज ८ पासून अँटीव्हायरस सिस्टीमच्या आतच आला. आज विंडोज १० किंवा ११ वर साध्या घरगुती माणसाला दरवर्षी पैसे भरून वेगळा अँटीव्हायरस घ्यावा लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

आणि मराठीचं बघा. इथे नवीन सिस्टीम जुनीपेक्षा इतकी पुढे आहे की वाद घालायलाही जागा नाही. एक्सपीवर मराठी युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखेच असणारे अक्षरांचे कोड, हवं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन रीजनल सेटिंगमधे टिक करायची, मग तो विंडोजची सीडी मागायचा, आणि सीडी कुणाकडे नसायची कारण मशीन असेंबल केलेलं आणि विंडोज कुणीतरी आणून टाकलेलं. म्हणून मग प्रत्येकाने श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे फॉन्टवाले प्रोग्रॅम घेतले, प्रत्येकाचे कोड वेगळे, एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून युनिकोड आधीच चालू होऊन यायला लागलं, सीडी शोधायची भानगड संपली, आणि २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचा फोनेटिक कीबोर्डही आला. आज कुणी मुलगा घरी बसून मराठीत अर्ज टाइप करतो आणि तो कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही फोनवर जसाच्या तसा उघडतो. ज्यांनी ती फॉन्टची मारामारी बघितलीय त्यांनाच याची किंमत कळेल. फक्त एक अडचण राहिलीय, विंडोजबरोबर येणारा मूळ मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मांडणीचा आहे आणि आपल्याकडे रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकलेले टायपिस्ट ढिगाने आहेत, त्यांना आजही वेगळं सॉफ्टवेअर टाकूनच द्यावं लागतं.

तरीही गावोगावच्या डीटीपीच्या दुकानात कोपऱ्यात एक एक्सपीचा डबा चालू दिसेल. लोक त्याला हसतात, हसू नका. २००१ मध्ये अडोबी कंपनीचं पेजमेकर ७ हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आलं, पुढे त्या कंपनीने ते बंद केलं, त्याला युनिकोड मराठी कळत नाही, पण वीस-बावीस वर्षांचे दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका सगळ्या त्यातच पडून आहेत. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जी डबी लावल्याशिवाय ते चालत नाही ती, लावायची ती प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला, तो पोर्ट नवीन मदरबोर्डवर नसतोच. तीच गोष्ट पतसंस्था आणि दुकानांतल्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमची. ६४ बिटच्या विंडोजवर जुने १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, विंडोज १० पर्यंत निदान ३२ बिटची आवृत्ती मिळायची, ११ मध्ये तीही बंद झाली. त्यामुळे ज्याच्याकडे असं काम आहे त्याने जुनं मशीन जरूर ठेवावं, फक्त त्याची नेटची वायर काढून टाकावी आणि फाइल न्यायच्या-आणायच्या पेनड्राइव्हला आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करावं. आणि वेळ मिळेल तसा जुना मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा, ती हार्डडिस्क काही जन्मभर पुरणार नाही.

विंडोज ७ बद्दल फार लिहीत नाही. २००९ ते २०२० असं ते टिकलं आणि रोजच्या वापराला त्याच्याइतकं सरळ विंडोज मी पाहिलं नाही. पुढे ८ मध्ये स्टार्ट बटणच काढून टाकलं, माणसं कॉम्प्युटर बंद कसा करायचा हे विचारायला दुकानात यायला लागली, वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. २९ जुलै २०१५ ला १० आलं, त्याच्या थोडं आधी कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात हे शेवटचं विंडोज असल्याचं सांगितलं होतं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवून मशीन घेतली.

आता ११ कडे येतो, माझी खरी तक्रार इथे आहे. सिस्टीम म्हणून ते वाईट नाही, सुरक्षेच्या बाबतीत तर चांगलंच आहे. पण त्याने दारातच अट घातली, टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप पाहिजे, सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होतानाची तपासणी पाहिजे, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही यादी जवळजवळ आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला कुणी सातव्या पिढीचा चांगला आय५ घेतला असेल, त्यात ८ जीबी रॅम असेल, बऱ्याचदा टीपीएमसुद्धा असतं, तरी यादीत नाव नाही म्हणून तो बाद. मशीनमध्ये दोष काय तर काही नाही. कॅनालिस या बाजार अभ्यास करणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या एका कारणाने जगभरात २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. चालू स्थितीतले कॉम्प्युटर! आपल्याकडे हा कचरा शेवटी कुठे जातो, कोण हातोडीने फोडतं आणि तांब्यासाठी वायरी जाळतं, हे तुमच्याच पेपरात छापून आलेलं आहे.

दुसरं म्हणजे घर कुणाचं हाच प्रश्न पडावा अशी त्याची वागणूक. एक्सपी किंवा ७ चालू केलं की नाव टाका आणि काम सुरू करा. ११ ला घरगुती वापरात सुरुवातीलाच नेट पाहिजे, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे, ज्या माणसाचा ईमेल मुलाने पुण्याहून बनवून दिलाय आणि पासवर्ड त्या मुलाकडेच आहे त्याने काय करायचं? मग डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल वनड्राइव्हवर जायला लागतात, फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की जागा संपली, पैसे भरा असे निरोप यायला लागतात आणि वयस्कर माणसाला वाटतं कॉम्प्युटरच भरला, नातवंडांचे फोटो डिलीट करत बसतात. स्टार्ट मेनूत न मागितलेल्या गोष्टी येतात. राइट क्लिक केलं की नेहमीची यादी दिसत नाही, आणखी पर्याय दाखवा असं परत दाबावं लागतं. आता तर जागोजागी एआयचं बटण आलंय.

हे सगळं तरुण मुलाला किरकोळ वाटेल. पण साठीच्या पुढे कॉम्प्युटर शिकलेला माणूस गोष्टी जागेवरून ओळखतो, खाली डाव्या कोपऱ्यात दाबायचं, तिथून वर तिसरं. ती जागा हलवली की त्याचं शिकलेलं सगळं गेलं, आणि तो परत विचारायला लाजतो, हळूहळू वापरणंच सोडून देतो. पेन्शनचा मेल स्वतः बघणारे मास्तर दुसऱ्यावर अवलंबून झालेले मी बघितलेत, मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्यांनी ११ घेतलंय त्यांच्या मुलांनी निदान एवढं करावं, सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, तिथे अलाइनमेंट लेफ्ट करून द्यावं, बटण जुन्या जागी येतं. आणि वनड्राइव्हचा बॅकअप बंद करायचा का ते वडिलांना विचारून ठरवावं.

मग जुन्यावरच राहायचं का? नेटवर बँकेचं काम करत असाल तर नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस आठवा, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतली ऑपरेशनं रद्द करावी लागली होती. त्यातली बहुतेक मशीन एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती, ज्याला तेव्हा सपोर्ट चालू होता. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, लोकांनी टाकलं नव्हतं इतकंच. सिस्टीम किती जुनी यापेक्षा तिला अपडेट मिळतंय का आणि आपण ते घेतोय का हे बघायचं असतं. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना सांगितलं होतं की सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवरची एटीएम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत नव्या सिस्टीमवर न्या. क्रोमने विंडोज ७ ला २०२३ च्या सुरुवातीला सोडलं, १०९ नंतरची आवृत्ती त्यावर येत नाही, त्यामुळे ७ वर नेटबँकिंग करणाऱ्यांनी आता थांबावं.

पण सिस्टीम बदलणं आणि मशीन बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरवाले त्या एकच करून टाकतात, माझं म्हणणं आहे ते एवढंच. विंडोज १० वाल्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट देऊ केलीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. हे किती वाचकांना माहीत आहे? दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यांना नवीन विकायचंय.

आणखी एक, ज्याच्यामुळे लोकांचे तीस-चाळीस हजार फुकट जाताना मी पाहिलेत. आठव्या पिढीच्या पुढचं मशीन असूनही चेक करणारा प्रोग्रॅम ११ चालणार नाही म्हणतो. बऱ्याचदा टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं, इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने असतं, किंवा विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं. जाणकाराकडून फाइलींचा बॅकअप घेऊन हे दुरुस्त करून घेता येतं, नवीन मशीन लागत नाही. याउलट काही जण अट चुकवून जुन्या मशीनवर ११ घालून देतात, त्याला पुढची अपडेट मिळतीलच असं कंपनी म्हणत नाही, आणि ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर ते सुरूच होत नाही, जुन्या मशीनवाल्यांनी या नादी लागू नये.

अशा खरोखर जुन्या मशीनसाठी विंडोजऐवजी टाकायची लिनक्स मिंट नावाची वेगळी सिस्टीम आहे. फुकट आहे, ४ जीबी रॅमवर छान चालतं, २२ नंबरच्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, दिसायला विंडोज ७ च्या इतकं जवळचं की मास्तरांना परत शिकवावं लागत नाही, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, बस. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली की काही हजारांत मशीन नव्यासारखं पळतं. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टनेही होतं आणि फोनेटिकनेही. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. घरात ब्राउझर, पत्र, हिशोबाची शीट, व्हिडिओ एवढंच होत असेल तर मी बिनधास्त हेच टाकून देतो.

ज्याला टॅली लागतं त्याला मात्र हे चालणार नाही. अंगठा घ्यायची मशीन वापरणारी सेवा केंद्रं, टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन लावणारे कंत्राटदार, यांचं काम विंडोजशिवाय अडतं, काही स्वस्त लेझर प्रिंटर तर लिनक्सवर चालवायला घाम फुटतो. आणि इथेच सरकारने काहीतरी करायला पाहिजे. सी-डॅकचं मुख्य ऑफिस आपल्या पुण्यात आहे, त्यांच्या चेन्नईच्या केंद्राने बॉस नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय, केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी उबुंटू या लिनक्सवर आधारलेली माया सिस्टीम आणली. मग महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाला लागणारी पोर्टलं फक्त विंडोज धरूनच का बनतात? राज्य सरकारने नवीन पोर्टलच्या टेंडरमध्ये एक अट घालावी, की डिजिटल सही आणि अंगठ्याचं यंत्र विंडोजसकट लिनक्सवरही चाललं पाहिजे आणि ते चाललेलं दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. शाळा आणि ग्रामपंचायतींतली सहाव्या-सातव्या पिढीची मशीन निर्लेखित करण्याआधी एसएसडी आणि मिंट टाकून वाचनालयांना द्यावीत, पोरं फॉर्म भरायला तालुक्याला यायची वाचतील, माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी हरकत नाही.

तुमच्याकडे मागणं एकच. नवीन लॅपटॉपच्या जाहिराती ज्या पानावर येतात त्याच पानावर एक चौकट छापा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जाऊन प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या आय३, आय५, आय७ नंतरचा चार आकडी नंबर ८ किंवा ९ ने सुरू होत असेल किंवा नंबरची सुरुवात १०, ११ अशा आकड्यांनी होत असेल तर आधी बायोस तपासून घ्या. चार आकडी नंबर ७ किंवा त्याखालच्या आकड्याने सुरू होत असेल (१०, ११ वगैरे सोडून) तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या अपडेटसाठी नाव नोंदवा आणि तोवर मिंट पेनड्राइव्हवर चालवून बघा. ही चौकट जूनमधे अॅडमिशन सुरू व्हायच्या आत आली तर बरं, कारण लोक कर्ज काढून कॉम्प्युटर घेतात ते त्याच महिन्यात.

आपला नियमित वाचक,
बार्शी, जि. सोलापूर